विकास आराखड्यावर हरकत कशी घ्यावी?

शहरातली कुठली जमीन कशासाठी वापरायची, हे महाराष्ट्रात विकास आराखड्यात ठरते. बोलताना त्याला सगळे डीपी म्हणतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 खाली तो तयार होतो आणि साधारण 20 वर्षांनी त्याची सुधारणा होते. गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या जागेवर शाळा येणार की रस्ता, हे त्या नकाशावर आधीच ठरलेले असते, त्यामुळे जेसीबी आल्यावर जमा होऊन फारसे काही हाती लागत नाही. बोलायची खरी वेळ म्हणजे प्रारूप (कच्चा) आराखडा प्रसिद्ध झाल्यानंतरची मुदत. ती 30 किंवा 60 दिवसांची असते आणि राजपत्रात व स्थानिक वर्तमानपत्रात आलेल्या नोटिशीत छापलेली असते. शेवटची तारीख त्या नोटिशीतच पाहा, ऐकीव तारखेवर राहू नका.

आधी नंबर काढा

नकाशाला सोसायटीचे नाव कळत नाही. त्याला मौजे (महसुली गाव), सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर लागतो. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरून तो काढा. शेजारच्या मोकळ्या जागांचे नंबरही टिपून ठेवा, कारण वस्तीला लागणारी आरक्षणे, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागा, बहुधा तिथेच असतात. एकाच शहरात दोन मौजांत सर्व्हे नंबर 14 असू शकतो. मौजेचे नाव राहिले तर हरकत भलत्याच जागेवर नोंदली जाते.

नकाशा वाचा, मग जागेवर जा

प्रारूप आराखडा महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या कार्यालयात पाहायला खुला ठेवावा लागतो आणि त्याच्या प्रती वाजवी किमतीत मिळतात. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करून वाट पाहू नका. उत्तराला 30 दिवस लागू शकतात आणि तेवढ्यात मुदत संपते.

झोन आणि आरक्षण यांत गल्लत करू नका. रहिवास, वाणिज्य, औद्योगिक, शेती हे झोन. त्या झोनमध्ये मालक काय करू शकतो, एवढेच त्यातून कळते. बाग, दवाखाना, शाळा, मंडई, अग्निशमन केंद्र ही आरक्षणे, आणि ती जागा सार्वजनिक कामासाठी ताब्यात यायची असते. नदीकाठी राहत असाल तर निळी पूररेषा (नदीपासून तिथपर्यंत बांधकामाला मनाई) आणि लाल पूररेषा (तिथपर्यंत निर्बंध) जरूर पाहा. निळ्या रेषेच्या आत रहिवास झोन दाखवला असेल तर हरकत घ्यायलाच हवी.

यासोबत विद्यमान भूवापर नकाशा ठेवा. आज जागेवर काय आहे ते त्यात असते, आणि पुष्कळ चुकांचे मूळ तिथेच सापडते. उभी वस्ती मोकळी जमीन म्हणून नोंदली गेली की तिच्यावरून प्रस्तावित रस्ता जातो. मुंबईचा 2015 चा प्रारूप आराखडा चुकांवरून इतका गाजला की एप्रिलमध्ये सरकारला तो दुरुस्तीसाठी परत पाठवावा लागला. तेव्हा नकाशा हातात घेऊन प्रत्येक रस्ता चालून पाहा आणि तारखेसह फोटो काढा. प्रमाणही बघा. 1:5000 च्या नकाशावर 1 सेंटीमीटर म्हणजे 50 मीटर, आणि अर्धा मिलिमीटर जाड रेघ जागेवर अडीच मीटर खाते. रस्त्याची रेघ घराला लागते की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका, लेखी सीमांकन मागा.

हरकत लिहा

अर्ज आयुक्तांच्या नावे, नगरपरिषद असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. एका जागेसाठी एक अर्ज. त्यात या क्रमाने लिहा: मौजे व सर्व्हे नंबर, नकाशाचा भाग व आरक्षण क्रमांक, आज तिथे काय आहे, काय प्रस्तावित आहे, हरकत का, आणि नेमका कोणता बदल हवा.

शेवटचा मुद्दाच बहुतेकांचा राहतो. ‘हे आरक्षण रद्द करा’ एवढ्यावर हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीला हलता येत नाही, कारण लोकसंख्येच्या प्रमाणात शाळा-बागांचे क्षेत्र भरून काढावे लागते. त्याच भागातली पर्यायी जागा नंबरासह सुचवली तर विचार होऊ शकतो. ‘आमच्यावर अन्याय झाला’ यापेक्षा ‘हा 12 मीटरचा रस्ता पुढे 6 मीटरच्या गल्लीत संपतो’ हे वाक्य जास्त काम करते. चांगली गोष्टही लेखी कळवा. बागेचे आरक्षण राहावे असे कोणीच लिहिले नाही आणि ते उठवा म्हणणारा मालक मात्र हजर राहिला, तर समितीसमोर एकच बाजू येते.

शंभर जणांनी एकच मजकूर दिला तर बहुधा एकत्र सुनावणी लागते. म्हणून ज्याचा मुद्दा वेगळा, त्याने स्वतःच्या शब्दांत लिहावे. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

सुनावणी

नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. वेळ मिनिटांत मोजून मिळतो. एकच माणूस बोलेल असे ठरवा. रंगवलेला मोठा नकाशा, दोन-तीन फोटो आणि एका पानाचे लेखी निवेदन न्या. निवेदन तिथेच दाखल करून त्याचीही पोच घ्या.

पुढे लक्ष कुठे ठेवायचे

आराखडा मंजूर करताना सरकार सारभूत स्वरूपाचे (आराखड्याचे मूळ रूप पालटणारे) बदल करू पाहत असेल तर त्यावर पुन्हा हरकती मागवल्या जातात. मंजुरीनंतर कलम 37 खाली किरकोळ फेरबदल होतात. त्याची नोटीस वर्तमानपत्रात बारीक अक्षरात येते आणि हरकतीला एक महिना मिळतो. मैदानाचे आरक्षण बदलायचा प्रस्ताव याच वाटेने येऊ शकतो. वस्तीतल्या एकाने तरी या नोटिसा नियमित वाचाव्यात.

दुसरे, कलम 127. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही, तर मालक खरेदी सूचना (जमीन घ्या अशी नोटीस) देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्याची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते, आणि बाग हातची जाते. प्रभागातल्या आरक्षणांची यादी करून प्रत्येकापुढे 10 वर्षे पूर्ण होण्याची तारीख लिहून ठेवा आणि नवव्या वर्षापासून भूसंपादनाचा प्रस्ताव कुठे आहे ते लेखी विचारत राहा.