एसएसआर बसवायला निघताना: आधी पेस्ट

एसएसआर म्हणजे सॉलिड स्टेट रिले, हलत्या भागांशिवाय लोड चालू-बंद करणारा स्विच. हीट सिंक म्हणजे त्याची उष्णता हवेत सोडणारा पंखांचा धातूचा ठोकळा. भोसरीतल्या ओव्हनचं पॅनल बदलताना मागच्या वेळी सगळं सामान नेलं, हीट सिंक पेस्टची ट्यूब तेवढी राहिली. म्हणून पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत शिरलात की आधी ट्यूब घ्या, बाकीचं नंतर.

लोड मोजून घ्या. 230 व्होल्टवर 6 किलोवॅटचा हीटर 26 अँपिअर ओढतो, त्याला 40 अँपिअरचा एसएसआर लागतो. आणि हा 40चा आकडा योग्य हीट सिंक असेल तरच खरा. चालू असताना एसएसआर अँपिअरमागे एक ते सव्वा वॅट उष्णता काढतो. इथे तीसेक वॅट, म्हणजे छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी. ती जवळजवळ सगळी जाते तळाच्या प्लेटमधून. प्लेट आणि सिंक कितीही सपाट दिसले तरी मध्ये हवा राहतेच, त्यासाठी पेस्ट. पातळ थर लावा, एसएसआर दाबा, एकदा उचलून बघा. दोन्हीकडे सारखं पांढरं उमटलं तरच स्क्रू आवळा. पावडर कोटिंगच्या पत्र्यावर थेट बसवू नका. ट्यूब घेतली ना?

मी कोरडा बसवलेला एसएसआर तिसऱ्या दिवशी गेला. एसएसआर जातो तो बहुधा शॉर्ट होऊनच. कंट्रोलरनं एसएसआरचा सिग्नल तोडला, एसएसआरवरचा लाल दिवा विझला, हीटर मात्र तापतच राहिला. शेजारी माणसं काम करत होती. त्यामुळे सिरीजमध्ये वेगळा कॉन्टॅक्टर (मोठ्या करंटचा साधा रिले) आणि त्याला स्वतंत्र थर्मोस्टॅट हवाच. इथे पैसे वाचवू नका.

फ्यूज सेमीकंडक्टरचाच घ्या, म्हणजे एसएसआर जळण्याआधी झटकन उडणारा. एमसीबी वायर वाचवतो, एसएसआर जळून गेल्यावर पडतो.

एसीचं डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर लागणार असेल तर 1000 व्होल्टचा. 230चं पीक 325 होतं, त्यावर लाइनचे झटके. 400चा टिकत नाही. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोड चालतात, तो एसएसआरपेक्षाही जास्त तापतो. त्यालाही पेस्ट.

डीसी लोडवर एसीचा एसएसआर लावू नका, एकदा लागला की सुटत नाही. हीटरला झीरो क्रॉसचा, म्हणजे व्होल्टेज शून्यावर असताना लागणारा. इनपुटचा प्लस-मायनस बघा. बंद एसएसआरमधूनही थोडा करंट झिरपतो, एमसीबी पाडल्याशिवाय हात घालू नका. सिंकचे पंख उभे. लग्ज, टेस्टर नेहमीचंच.

भोसरीत गुरुवारी सुट्टी असते, काम तेव्हाच काढा. काही राहिलं तर पेठेत परत यायला अर्धा दिवस जातो. निघण्याआधी बॅगेत हात घालून ट्यूब लागते का बघा.