आर भाषेत डेटा टाइप बदलताना या चुका टाळा

सांगलीतल्या हळद सौद्यांचे दर एक्सेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाइल) करून आर या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेत घेतले, की दराचा कॉलम पुष्कळदा आकडा म्हणून येतच नाही. सौदा नसलेल्या दिवशी कुणीतरी ‘निरंक’ लिहिलेलं असतं आणि तेवढ्या एका नोंदीपायी अख्खा कॉलम अक्षरी होतो.

सगळ्यात महागात पडते ती फॅक्टरवर, म्हणजे ठरावीक गटांत (लेव्हलमध्ये) साठवलेल्या मजकुरावर, थेट ‘ॲज डॉट न्यूमरिक’ हे आकड्यात बदलणारं फंक्शन चालवण्याची चूक. समजा, क्विंटलचे दर ९५००, १२५०० आणि १४२०० आहेत. अक्षरी कॉलमचा फॅक्टर केला की लेव्हल अक्षरांच्या क्रमाने लागतात: आधी १२५००, मग १४२००, शेवटी ९५००. थेट रूपांतरात दर मिळत नाहीत, लेव्हलचे अनुक्रमांक मिळतात. म्हणजे सर्वांत कमी दराला ३! एरर नाही, वॉर्निंग नाही, सरासरीसुद्धा निमूट निघते. आधी अक्षरी करणारं ‘ॲज डॉट कॅरेक्टर’, मग ‘ॲज डॉट न्यूमरिक’ हाच क्रम ठेवा. २०२० च्या ४.०.० आवृत्तीपासून सीएसव्हीतला मजकूर आपोआप फॅक्टर होत नाही. जुन्या स्क्रिप्टमध्ये मात्र ‘स्ट्रिंग्ज ॲज फॅक्टर्स’ (मजकुराचा फॅक्टर करा) हे ट्रू ठेवलेलं सापडतं.

१,२५,००० मधले स्वल्पविराम ‘जीसब’ने काढले नाहीत तर एनए, म्हणजे ‘किंमत नाही’ अशी खूण, मिळतो. कॉलममध्ये देवनागरी अंक असले तरी तेच. ते ‘चारटीआर’ने इंग्रजी अंकांत बदलून घ्या.

तारखा जास्त फसव्या. ०५/०३/२०२४ ही तारीख फॉरमॅट न देता ‘ॲज डॉट डेट’ला दिली, तर आर वर्ष आधी धरतो आणि इसवी सन ५ मधली २० मार्च देतो. फॉरमॅट देतानाही वर्षासाठी कॅपिटल वाय हवा. स्मॉल वाय फक्त पहिले दोन अंक वाचतो, त्यामुळे २०२४ चं २०२० होतं. एक्सेलमधून तारखेऐवजी ४५००० असा दिवसांचा आकडा आला असेल, तर ओरिजिन, म्हणजे मोजणीची सुरुवात, ३० डिसेंबर १८९९ द्या. १५ मार्च २०२३ मिळेल.

सांगलीचा एसटीडी कोड ०२३३ आकडा म्हणून वाचला की २३३ उरतो. ज्यांची बेरीज करायची नाही ते आकडे मुळातच अक्षरी ठेवावेत. फाइल वाचतानाच कॉलमचा प्रकार ठरवणाऱ्या ‘कॉलक्लासेस’मध्ये कॅरेक्टर (अक्षरी) सांगा, नंतर शून्य परत येत नाही.

रूपांतराआधी आणि नंतर एनए मोजा. वाढलेले दिसले तर वॉर्निंग दाबू नका. त्या ओळींतली मूळ नोंद ‘युनिक’ने छापून पाहा, ‘निरंक’ किंवा एखादा डॅश तिथेच सापडेल.