विधीचे फोटो: कॅमेरा काढण्याआधी क्रम समजून घ्या

धार्मिक विधीचे बहुतेक फोटो एकाच क्षणाचे असतात: ज्योत, धूर, मिटलेले डोळे. तो क्षण सगळ्यांनाच दिसतो, म्हणून सगळ्यांचे फोटो सारखे येतात. माणसांची श्रद्धा आणि त्यांची ओळख आधीच्या तयारीत आणि नंतरच्या आवराआवरीत जास्त उघडी पडते. पोशाख कोण चढवतं, राबतं कोण, मान कोणाला मिळतो, कोण उंबऱ्याबाहेरच थांबतं. हे टिपायचं तर पुढे काय होणार हे आधी ठाऊक हवं.

म्हणून पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच राहू द्या. धर्मगुरू विधीचा अर्थ सांगतील. पण कोण कोणत्या दारानं येणार, कुठे थांबणार, किती वेळ लागणार हे झाडलोट करणाऱ्यांना, वादकांना आणि दिवे लावणाऱ्यांना नेमकं माहीत असतं. त्यांना चार गोष्टी विचारा: क्रम काय, कोणत्या वेळी कोणी हलायचं नाही, कोणती जागा ओलांडायची नाही आणि काय टिपायचं नाही. मग वहीत जागेचा कच्चा नकाशा काढा. त्यात दारं, खिडक्या, लोकांची ये-जा आणि स्वतः उभं राहण्याच्या दोन-तीन जागा दाखवा.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर कधीही गृहीत धरू नका. कर्मठ ज्यू लोक शब्बाथच्या काळात, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, कॅमेरा वापरत नाहीत आणि पाहुण्यांकडूनही तीच अपेक्षा ठेवतात. अमेरिकेतल्या होपी लोकांच्या गावांत फोटोच काय, ध्वनिमुद्रण आणि रेखाटनही चालत नाही. ऑस्ट्रेलियातल्या अनेक आदिवासी समाजांत मृत व्यक्तीचं नाव घेणं आणि तिचा फोटो दाखवणं टाळतात. तिथे जुने फोटो प्रसिद्ध करण्याआधीही विचारावं लागतं. एकाच धर्मातही जागा बदलली की नियम बदलतो: भारतातल्या पारशी अग्यारीत इतरांना प्रवेश नसतो, तर इराणमधल्या यझ्दच्या अग्निमंदिरात पर्यटक काचेआडचा अग्नी पाहू शकतात.

संस्थेची परवानगी म्हणजे तिथल्या प्रत्येकाचा होकार नव्हे. जवळून चेहरा घ्यायचा असेल तर त्या व्यक्तीला स्वतंत्र विचारा, मुलांच्या बाबतीत पालकांना. अंगात आलेला माणूस त्या घटकेला होकार देऊच शकत नाही. त्याला आधी विचारा, भानावर आल्यावर फोटो दाखवा आणि नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसून टाका. फोटोसाठी विधी पुन्हा करायला लावू नका, त्यासाठी पैसेही देऊ नका. तसं केलंत की तुम्ही टिपता तो नाटकाचा प्रयोग असतो, विधी नसतो.

फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा सेन्सर जुन्या 35 मिमी फिल्मच्या चौकटीएवढा असतो) 35 मिमीची लेन्स बहुतेक कामाला पुरते. दोन मीटरवरून ती आडव्या चौकटीत साधारण दोन मीटर रुंदी घेते, म्हणजे माणूस आणि त्याचे हात काय करताहेत हे दोन्ही दिसतं. जोडीला 85 मिमी ठेवा. लांबच्या टेली लेन्सनं चेहरे सुंदर येतात खरे, पण भोवतालची जागा हरवते. शिवाय चोरून पाहिल्यासारखं वाटतं.

दिव्यांच्या उजेडात सुरुवात एफ/2 (लेन्सच्या छिद्राचा आकार), शटर 1/125 सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) 3200 पासून करा. नाच असेल तर शटर 1/250 वर न्या आणि आयएसओ दुप्पट करा. एक्स्पोजर, म्हणजे किती प्रकाश घ्यायचा ते, मॅन्युअल ठेवा. ज्योत चौकटीत मोठी असली की ऑटो मोड तिच्यावर जातो आणि चेहरे काळे पडतात. अंधार जास्त असला की उलट होतं, चेहरे पांढरे होतात. चेहऱ्यावर स्पॉट मीटर (फक्त एका ठिपक्याचा प्रकाश मोजणारी सोय) लावा: गोऱ्या त्वचेला सुमारे एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवा, गडद त्वचेला अर्धा ते एक स्टॉप कमी करा. ज्योत जळून पांढरी आली तर येऊ द्या. मेणबत्तीचा रंग सुमारे 1900 केल्विन असतो. ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार फोटोचा रंग जुळवणारी सोय) दर फोटोला वेगळी छटा देतो, म्हणून 2800 ते 3000 केल्विनवर पक्का करा आणि रॉमध्ये, म्हणजे रंग नंतर बदलता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये, काढा.

सायलेंट (आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक) शटर अशा ठिकाणी वरदान वाटतो, पण एलईडी दिव्यांखाली तोच घात करतो. 50 हर्ट्झच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात आणि फोटोवर आडवे पट्टे उमटतात. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा. 60 हर्ट्झच्या देशांत 1/60 किंवा 1/125. ढोलाची काठी किंवा वेगानं फिरणारे हात सायलेंट शटरमध्ये वाकडे येतात. तिथे यांत्रिक शटर वापरा आणि वाद्याच्या ठोक्यावर क्लिक करा, आवाज बुडून जातो. फ्लॅश, बीप, फोकसचा मदत-दिवा आणि फोटो काढल्यावर उजळणारी स्क्रीन आधीच बंद करा. दाट धुरात ऑटोफोकस मागे-पुढे भटकतो. एकच फोकस बिंदू वस्त्राच्या काठावर धरा किंवा अंतर ठरवून मॅन्युअलवर जा. थंड गाडीतून दमट सभागृहात जाताना कॅमेरा बंद पिशवीत अर्धा तास राहू द्या, नाहीतर काचेवर वाफ धरते.

फोटो निवडताना प्लास्टिकच्या खुर्च्या आणि हातातले मोबाइल वगळायचा मोह होतो. वगळू नका. ते काढले की जिवंत समाज संग्रहालयातला दिसू लागतो. सुरकुतलेले चेहरेच घेतलेत तर श्रद्धा फक्त म्हाताऱ्यांची उरते. बारा-पंधरा फोटोंच्या मालिकेत जागा, हात, तयारी, गर्दी आणि पांगापांग, सगळं यायला हवं. कळसाचा क्षण एकदाच पुरे.

कॅप्शन त्याच रात्री लिहा: तारीख, ठिकाण, विधीचं स्थानिक नाव, व्यक्तीची भूमिका आणि तिनं स्वतः सांगितलेलं नाव. ‘गूढ’, ‘प्राचीन’ असले शब्द खोडा. किती जुनं ते माहीत असेल तर साल द्या. समाजाला त्रास होण्याची भीती असेल तर फाइलमधली जीपीएसची नोंद काढून टाका, नावंही गाळा. प्रसिद्ध करण्याआधी मालिका त्याच समाजातल्या जाणत्या दोघांना कॅप्शनसह दाखवा, शक्यतो एक पुरुष आणि एक बाई. क्रमातल्या आणि नात्यांतल्या चुका तेच पकडतात, आणि बरेचदा दोघांच्या दुरुस्त्या वेगवेगळ्या निघतात.