उमराहचं बजेट: पॅकेजच्या आकड्यात काय काय नसतं

जाहिरातीत लिहिलेलं असतं "१५ दिवस उमराह फक्त ९५ हजार", आणि आपण घरातली माणसं मोजतो, गुणाकार करतो आणि म्हणतो चला, तीन लाखात तिघं जाऊन येतील. तसं होत नाही. पॅकेजचा आकडा म्हणजे फार तर अर्धं-पाऊण बजेट, बाकीचं कुठे जातं ते आधी कागदावर लिहिलं नाही तर मग मक्क्यात बसून भावाला फोन करून पैसे मागवायची वेळ येते.

आधीच सांगतो, हे उमराहबद्दल आहे, म्हणजे मक्क्याची छोटी यात्रा, हजबद्दल नाही. हजचं गणित वेगळं, हज कमिटीचा फॉर्म, ड्रॉ, हप्ते, आणि सबसिडी तर २०१८ पासून बंदच आहे. उमराहला तारीख आपल्या हातात असते, आणि पैसे वाचवायची सगळ्यात मोठी जागा तीच.

तारीख

रमजानमध्ये उमराहचा सवाब (पुण्य) मोठा, म्हणून गर्दी पण तेव्हाच, आणि शेवटच्या दहा दिवसात हरमच्या, म्हणजे काबा असलेल्या मोठ्या मशिदीच्या, जवळच्या हॉटेलचे रेट कुठच्या कुठे जातात. डिसेंबरच्या सुट्टीत पण तेच. स्वस्त काळ म्हणजे हज संपल्यानंतरचा, मोहरम-सफरचे महिने, पण इस्लामी कॅलेंडर दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं त्यामुळे सध्या हे महिने भर उन्हाळ्यात येतात, मक्क्यात ४५ डिग्री. तरुण जोडप्याला चालेल, अम्मीला घेऊन जाणार असाल तर नको, तिथे वाचवलेले दहा हजार डॉक्टर आणि टॅक्सीत जातील. मला विचाराल तर ख्रिसमस आणि रमजानच्या मधले किंवा ख्रिसमसच्या सुट्टीआधीचे साधे दिवस, ज्या आठवड्यात मुलांच्या शाळेला सुट्टी नाही असे, ते बघा. आणि हजच्या आधी उमराहवाल्यांना आत घेणं बंद करतात, अलीकडे साधारण शव्वालच्या (रमजाननंतरचा महिना) मध्यापर्यंतच एंट्री असते, म्हणून "ईद झाली की निवांत जाऊ" असं ठरवणाऱ्यांनी एजंटला शेवटची तारीख विचारूनच ठरवा.

रियालचं एक गणित लक्षात ठेवा

सौदी रियाल डॉलरला बांधलेला आहे, एक डॉलर म्हणजे ३.७५ रियाल, १९८६ पासून हेच चालू आहे. म्हणजे रियाल महाग झाला असं काही नसतं, आपला रुपया पडलेला असतो. डॉलरचा भाव भागिले पावणेचार, झाला रियालचा भाव. डॉलर ७५ ला होता तेव्हा रियाल २० रुपये, डॉलर ९० धरला तर २४. बदलून देणारा याच्यावर आपलं कमिशन लावणार ते वेगळं. तुम्ही दोन-तीन वर्षं आधीपासून पैसे साठवत असाल तर आजच्या भावाने हिशोब करू नका, दोन-तीन रुपये वरच धरा.

आता पॅकेज

पॅकेजमध्ये सहसा तिकीट, व्हिसा, मक्का-मदिनाचं हॉटेल, बस, जेवण आणि एकेक दिवसाची जियारत (पवित्र ठिकाणं दाखवणं) असते. पण जाहिरातीतला रेट हा चार-पाच जणांच्या शेअरिंगचा असतो, तेही पुरुष वेगळे बायका वेगळ्या. नवरा-बायको आणि अम्मी अशी तिघांची स्वतंत्र खोली पाहिजे तर वर पैसे. हे बुकिंगच्या वेळी विचारा, कारण तिथे पोचल्यावर मॅनेजर म्हणतो खोली आहे पण डिफरन्स द्या.

दुसरी गोष्ट अंतर. "हरमपासून ५०० मीटर" हे नक्की कुठून मोजलं? बहुतेक वेळा बाहेरच्या सहनच्या (अंगणाच्या) कडेपासून, मताफ, म्हणजे काबाभोवती फेऱ्या घालायची जागा, त्याच्याही आत लांब. हॉटेलचं नाव लेखी घ्या आणि मॅपवर स्वतः बघा. कागदावर "अमुक हॉटेल किंवा सिमिलर" असं लिहिलं असेल तर समजा की सिमिलरच मिळणार आहे. मिस्फला, इब्राहिम खलील रोड या बाजूला आपल्याकडचे ग्रुप जास्त उतरतात, चालत जाता येतं. अजीजिया या लांबच्या भागातलं हॉटेल स्वस्त आणि खोल्या मोठ्या, पण शटल बसवर अवलंबून, आणि जुम्म्याला बसची वाट बघत उन्हात उभं राहणं काय असतं ते गेलेल्याला विचारा. जरा हिशोब करा, हॉटेल ७०० मीटरवर असेल आणि पाचही नमाजला ये-जा केली तर दिवसाचे सात किलोमीटर होतात, तवाफ-सई (काबाभोवतीच्या फेऱ्या आणि सफा-मरवामधल्या खेपा) वेगळी. गुडघे दुखणारं माणूस तिसऱ्या दिवशी खोलीतच नमाज पढायला लागतं. म्हणून माझं मत असं की घरात म्हातारं माणूस असेल तर जेवण साधं चालेल, विमान कनेक्टिंग चालेल, पण मक्क्याच्या हॉटेलवर कंजूषी करू नका. मदिन्यात एवढं टेन्शन नाही, तिथे मर्कजियात (मशिदीभोवतीचा भाग) बहुतेक हॉटेलं सपाटीवर आणि जवळ आहेत.

कनेक्टिंगचं म्हणाल तर मुंबई-जेद्दा थेट विमान साधारण पाच तासात पोचतं. गल्फमध्ये थांबून जाणारं स्वस्त पडतं, पण थांबा दहा-बारा तासांचा असेल तर एअरपोर्टवरच्या चहा-जेवणात बरीच बचत परत जाते. आणि एहरामचं (उमराहचे बिनशिवलेले पांढरे कपडे आणि नियत) प्लॅनिंग पण बदलतं, मीकातच्या, म्हणजे एहरामशिवाय ओलांडायची नाही त्या हद्दीच्या, आधी कुठे बांधायचा ते ग्रुपवाल्याला आधीच विचारून ठेवा. मीकात चुकली तर दम लागतो, म्हणजे भरपाई म्हणून कुर्बानी, बकऱ्याचे पैसे.

टॅक्स वेगळा. पॅकेजवर जीएसटी लागतो, खाजगी टूरवाल्यांना त्यातून सूट नाही हे सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. त्याशिवाय परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस (एजंटने आधीच वसूल केलेला इन्कम टॅक्स) कापतात, त्याचा रेट बजेटमध्ये वरखाली होत असतो. टीसीएस बुडत नाही, पॅन बरोबर दिला असेल तर इन्कम टॅक्सच्या साइटवर आपल्या नावाच्या स्टेटमेंटमध्ये दिसतो आणि रिटर्न भरल्यावर ऍडजस्ट होतो किंवा परत येतो, पण जायच्या वेळी खिशातून द्यावाच लागतो. अम्मीच्या नावाने पॅनच नसेल तर आधी ते काढा. "टॅक्स नको असेल तर कॅश द्या" म्हणणाऱ्याकडे बुकिंग करू नका, पावती नसेल तर उद्या भांडणार कशाच्या जिवावर. पैसे बँकेतून द्या, आणि तिकिटाचा पीएनआर मिळाला की एअरलाइनच्या साइटवर स्वतः टाकून बघा, फक्त पीडीएफवर विश्वास ठेवू नका. बाजारापेक्षा निम्म्या रेटमध्ये उमराह, पैसे आठ महिने आधी भरा, अशी स्कीम असेल तर लांबूनच सलाम.

स्वतः बुक करून जाणं पण शक्य आहे. चौघं तरुण असाल, मोबाइल चालवता येत असेल तर करा, हॉटेल व्हिसाच्या अर्जाच्या वेळीच दाखवावं लागतं एवढं ध्यानात ठेवा. मक्का-मदिना साडेचारशे किलोमीटर, हरमैन ट्रेनने अडीच तासाच्या आत. ट्रेनचं तिकीट लवकर काढलं तर बरं पडतं. पण पहिल्यांदाच जाणारे म्हातारे आई-वडील सोबत असतील तर ग्रुपच बरा, डाळ-भात वेळेवर मिळतो आणि कोणी हरवलं तर शोधायला माणसं असतात.

एका घराचा हिशोब

चिपळूणचं एक घर धरू, नवरा-बायको आणि अम्मी, पॅकेज ९५ हजारांचं. तिघांचे २ लाख ८५ हजार. तिघांची वेगळी खोली म्हणून माणशी ८ हजार वर, ते २४. जीएसटी-टीसीएसचे मिळून ३० हजार बाजूला. अम्मीचा पासपोर्ट नवीन, १५०० फी. मेनिंजायटिसची लस लागतेच, निघायच्या किमान दहा दिवस आधी, प्रायव्हेटमध्ये माणशी पाच हजारांच्या आसपास, ते १५ हजार. एहराम, चपला, बॅगा, अम्मीची पंधरा दिवसांची शुगर-बीपीची औषधं, १२ हजार. चिपळूण ते मुंबई एअरपोर्ट गाडी, सोडायला आणि आणायला, १६ हजार (सोडायला अख्खं मोहल्ला येणार असेल तर दुसरी गाडी तुमच्याच अंगावर पडते). तिकडचा हातखर्च माणशी ५०० रियाल, तिघांचे १५००, २४ ने ३६ हजार. अम्मीसाठी व्हीलचेअर ढकलणारा, दोन उमराहचे मिळून ४०० रियाल धरा, ९,६००. खजूर आणि वाटायच्या वस्तू २५ हजार. निघायच्या आधीची दावत २० हजार. झाले ४ लाख ७४ हजार १००. वर इमर्जन्सीचे ४० हजार. म्हणजे ५ लाख १४ हजार, आणि सुरुवात झाली होती २ लाख ८५ पासून.

आता यात कात्री कुठे लावायची? पॅकेजला नाही. दावत आणि वाटायच्या वस्तू, इथे. दावत फर्ज (धर्माने बंधनकारक) नाही, सुन्नत (पैगंबरांची रीत) म्हणूनही कोणी सांगितलेली नाही, पण मोहल्ल्यात एकाने बिर्याणीची देग चढवली की पुढच्याला चढवावीच लागते. चहा-बिस्किटावर लोकांना बोलवा, माफी मागा, दुआ घ्या, भागतं. वस्तूंचं तर असं आहे की हरमबाहेरच्या दुकानातल्या तसबी (जपमाळा), टोप्या, जानमाज (नमाजची चटई) यातलं बरंचसं चीनमधून आलेलं असतं, तेच मुंबईत मोहम्मद अली रोडवर मिळतं, आणि गुपचूप तिथूनच घेणारे कमी नाहीत, हसू नका. आणायचंच तर मदिन्याचं खजूर आणा. अजवा घरच्यांसाठी अर्धा-एक किलो, वाटायला सुक्करी किंवा सफावी घ्या, बरंच स्वस्त पडतं, आणि हॉटेलखालच्या दुकानातून नाही तर खजूर मार्केटमधून, चाखून, भाव करून. बॅगेचं वजन विसरू नका, जादा किलोचे पैसे खजुराच्या किमतीपेक्षा जास्त होतात. जमजमची पाच लिटरची सीलबंद बाटली एअरपोर्टवर १२-१३ रियालला मिळते, बॅगेत बाटल्या भरून आणू नका, काढून टाकायला लावतात.

तिकडे खर्च कुठे होतो

पॅकेजमध्ये जेवण असलं तरी चौथ्या दिवशी अल बैकचं फ्राइड चिकन आठवतंच. उमराह झाल्यावर मुंडण, मरवाच्या बाहेर न्हाव्यांची रांग आहे, १०-२० रियाल, आधी भाव विचारा. दुसरा उमराह करायचा तर एहराम बांधायला मस्जिद-ए-आयशाला जावं लागतं, टॅक्सीवाला सांगेल ५०, बस त्याच्या कितीतरी कमी. हरममध्ये फुकट व्हीलचेअर पण मिळतात, ढकलायला घरचा मुलगा असेल तर वरचे पैसे वाचले. रियाजुल जन्नाची (मदिन्याच्या मशिदीतली खास जागा) परमिट सौदी सरकारच्या नुसुक ऍपवर फुकट आहे, कोणी त्याचे पैसे मागत असेल तर देऊ नका, आणि स्लॉट लवकर भरतात म्हणून व्हिसा आला की ऍप उघडाच.

पैसे नेताना थोडे रोख रियाल आणि बाकी फॉरेक्स कार्डवर. साधं क्रेडिट कार्ड घासलं तर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप आणि वर जीएसटी. मुंबई एअरपोर्टवर रियाल घेऊ नका, रेट फार वाईट, गावातून निघायच्या आधीच दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या. सुट्ट्या पाच-दहाच्या नोटा मागून घ्या, पाचशेची नोट टॅक्सीवाला सुटी करत नाही.

साठवायचं कसं

५ लाख १४ हजार तीन वर्षात म्हणजे महिना साडेचौदा हजाराला थोडे कमी. आरडी काढली तर व्याजाचा प्रश्न येतो, व्याज हराम, बरेच जण म्हणून टाळतात. आपल्याकडे भिशी आहेच. पण भिशी चिठ्ठीची (नंबर चिठ्ठीने ठरतो ती) घ्या, लिलावाची नको, लिलावात जो कमी रक्कम उचलतो त्याचे सोडलेले पैसे बाकीचे वाटून घेतात, ते व्याजापेक्षा वेगळं काय? आणि चालवणारी बाई ओळखीतली, वर्षानुवर्षं चालवणारी असू द्या. आपला नंबर शेवटी मागा, म्हणजे पैसे आधी हातात येऊन फ्रिज-टीव्हीत जाणार नाहीत.

कर्ज काढून जाऊ नका. हल्ली "आत्ता जा, नंतर हप्त्याने द्या" असं पण सुरू झालंय. आम्ही कोकणी शाफई पंथाचे, आमच्यात आयुष्यात एकदा उमराह वाजिब (बंधनकारक) मानतात, हनफी पंथाचे सुन्नत म्हणतात, पण ऐपत असेल तरच हे दोन्हीकडे आहे. डोक्यावर आधीचं कर्ज असेल तर ते आधी फेडा, किंवा ज्याचे द्यायचेत त्याच्याशी बोलून मुदत घ्या.

परत आल्यावर उरलेल्या नोटा लगेच बदलून टाका, नाही तर कपाटात पडून राहतात. नाणी इकडे कोणी घेत नाही, ती जेद्दा एअरपोर्टवरच संपवा, लबनची (ताकाची) बाटली येते तेवढ्यात. आणि टीसीएसचं सर्टिफिकेट एजंटकडून मागून घ्या, तो स्वतःहून देत नाही.