कामाची गोडी: कशी लावून घ्यावी, कशी टिकवावी

मराठीत गोडी सापडते असे कोणी म्हणत नाही, गोडी लागते. नादही लागतोच, आणि कोल्हापुरात तर 'नाद खुळा' यापलीकडे कौतुकाचा शब्द नाही. तरीही नोकरीला लागून वर्ष न झालेली मुले मला भेटतात तेव्हा 'माझी आवड मला अजून सापडलेली नाही' असेच सांगतात, जणू ती कुठेतरी तयार होऊन त्यांची वाट पाहत बसली आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतण्याच्या कारखान्यात, मी चोवीस वर्षे काढली आणि त्यातले पहिले दीड वर्ष रोज सोडून जाण्याच्या विचारात घालवले. त्यामुळे माझे मत असे झाले आहे की, आवड शोधणे आधी बाजूला ठेवावे आणि हातात असलेल्या कामाची गोडी कशी लागेल एवढेच पाहावे.

हा केवळ एका माणसाचा अनुभव नाही. पॉल ओकीफ, कॅरोल ड्वेक आणि ग्रेग वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की, आवड जन्मजात ठरलेली असते असे मानणाऱ्यांचा उत्साह विषय अवघड होताच अधिक लवकर ओसरतो. आवड वाढवता येते असे मानणारे त्या अडचणीत तुलनेने जास्त तग धरतात. पहिल्या गटाला अडचण म्हणजे 'हे आपले काम नव्हे' याची खूण वाटते, आणि गोडी लागण्याच्या नेमक्या उंबरठ्यावरून ते परत फिरतात.

म्हणून सुरुवात संपूर्ण कामापासून करू नये. त्यातला एक लहान भाग निवडावा आणि तो अगदी जवळून पाहावा. माझ्याकडे बाद झालेल्या कास्टिंगची, म्हणजे ओतीव तुकड्यांची, मोजणी होती. संध्याकाळी ढीग मोजायचा, आकडा फळ्यावर लिहायचा आणि घरी जायचे, याहून कंटाळवाणे काम त्या शेडमध्ये दुसरे नव्हते. एकदा मशीनिंगहून परत आलेला एक तुकडा मी सहज उचलला. कापलेल्या लोखंडाच्या पृष्ठभागाखाली वाटाण्याएवढी गुळगुळीत पोकळी होती. हे ब्लो होल कशामुळे झाले असे मी साचे बनवणाऱ्या एका जुन्या मोल्डर मामांना विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. साच्याच्या वाळूची एक मूठ माझ्या हातात देऊन दाबायला सांगितली आणि मग तो गोळा मधोमध मोडायला लावला. त्यांनी दिलेला गोळा स्वच्छ दोन तुकड्यांत मोडला, कडा शाबूत राहिल्या. पलीकडच्या ढिगातली वाळू मात्र तळहाताला चिकटली. तिच्यात पाणी जास्त होते, आणि सुमारे १,३५० अंश सेल्सिअसचा लोखंडाचा रस साच्यात पडला की त्या पाण्याची वाफ होते; तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती लोखंडातच अडकून राहते. त्या दिवसापासून मी केवळ आकडा लिहिणे थांबवले आणि प्रत्येक तुकड्यापुढे कारण लिहू लागलो. कामाची गोडी मला तिथे लागली, आणि ती लागली हे माझ्या लक्षात यायला आणखी तीन महिने गेले.

असा भाग प्रत्येक कामात असतो. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याने कोणता अर्ज सर्वाधिक वेळा परत जातो आणि तो कोणत्या रकान्यात अडतो हे पाहावे. शिक्षिकेने अपूर्णांकाच्या नेमक्या कोणत्या पायरीवर वर्ग थबकतो ते टिपावे. महाद्वार रोडवरच्या कापडाच्या दुकानात काम करणाऱ्याने साडी न घेता उठून गेलेल्या गिऱ्हाइकाने शेवटी काय विचारले होते ते आठवून लिहावे. त्यासाठी वेगळी छोटी वही असावी आणि रोज चार ओळींहून जास्त लिहू नये. संशोधक टेरेसा अमाबिले यांनी कर्मचाऱ्यांच्या रोजनिशीतल्या सुमारे १२,००० नोंदी अभ्यासल्या, तेव्हा अर्थपूर्ण कामात थोडीशी का होईना प्रगती झालेले दिवस हेच सर्वाधिक उत्साहाचे दिवस ठरले. ही प्रगती इतकी बारीक असते की लिहून ठेवली नाही तर ती झाली हेच माणूस विसरतो.

यानंतर वस्ताद हवा. शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९१२ मध्ये उभ्या राहिलेल्या खासबाग कुस्ती मैदानाच्या या शहरात हे वेगळे सांगायला नको, पण नोकरीत आपण ते विसरतो. तालमीत लढत चालू असताना वस्ताद हौद्याच्या कडेला उभे राहून पाय कुठे चुकला ते तिथल्या तिथे सांगतात. कार्यालयातही असा एक ज्येष्ठ माणूस शोधावा, तो हुद्द्याने मोठा नसला तरी चालेल, आणि 'मला मार्गदर्शन करा' असे मोघम न म्हणता 'हे असे का झाले?' एवढाच नेमका प्रश्न घेऊन त्याच्याकडे जावे. नेमका प्रश्न विचारणाऱ्याला जाणकार माणूस सहसा परतवत नाही. थोडी जाण आल्यावर वरिष्ठांकडे एखादा लहान निर्णय स्वतःकडे मागून घ्यावा. मी सकाळची वाळू तपासण्याची परवानगी मागितली होती.

लागलेली गोडी वाढत वाढत कुठवर नेते याचे उदाहरण याच गावात आहे. बाबूराव पेंटर यांनी नाटकांचे पडदे रंगवण्यापासून सुरुवात केली, पुढे चित्रपटाच्या वेडाने स्वतः कॅमेरा घडवला आणि कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली.

गोडी टिकवताना उलट धोका असतो, आणि नवशिक्यांपेक्षा मला त्याचीच काळजी अधिक वाटते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड यांनी २००३ मध्ये नादाचे दोन प्रकार मांडले. एका नादात काम माणसाच्या ताब्यात राहते, तर दुसऱ्यात माणूस कामाच्या ताब्यात जातो. थोर गायक अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर दरबारात येण्यापूर्वी अतिगायनामुळे त्यांचा आवाज गेला होता आणि सुमारे दोन वर्षे त्यांना गाता आले नव्हते. पुढे बदललेल्या आवाजाला साजेशी गायकी त्यांनी नव्याने बांधली. प्रत्येकाला अशी दुसरी संधी मिळेल असे नाही. त्यासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ कामाच्या बोलण्यापासून पूर्ण मोकळी ठेवावी. जेवताना मनात वहीतल्या नोंदीच घोळू लागल्या तर वही आठवडाभर कपाटात ठेवावी. मी हे उशिरा शिकलो. तोवर मुलीच्या शाळेची दोन स्नेहसंमेलने चुकली होती, आणि ती मला परत मिळणार नाहीत.

काही ठिकाणी मात्र कितीही प्रयत्न केला तरी गोडी लागत नाही. पगार महिनोन्महिने थकत असेल, चारचौघांत अपमान होत असेल किंवा सुरक्षिततेची साधने मागितली म्हणून दम दिला जात असेल, तर दोष तुमच्या मनात शोधू नये. सहा महिने प्रामाणिकपणे वही लिहूनही एकही प्रश्न तुम्हाला पुन्हा त्या कामाकडे ओढून नेत नसेल, तर दुसरी नोकरी हाती आल्यावर बाहेर पडावे. तिथल्या मुलाखतीत 'मला या क्षेत्राची आवड आहे' असे म्हणण्याऐवजी, आधीच्या कामात कोणती चूक वारंवार होत होती आणि तिचे कारण तुम्ही कसे शोधले, ते सांगावे.