झिग्नीचा रस्सा दाट हवा तर कांदा कोरडाच परता

आफ्रिकेतल्या एरिट्रिया देशाची झिग्नी, म्हणजे बर्बेरे मसाल्यातलं झणझणीत मटण किंवा बीफ, करताना तेलाची घाई नको. अर्धा किलो मटणाला तेवढाच कांदा अगदी बारीक चिरा आणि जाड बुडाच्या पातेल्यात नुसताच, मंद आचेवर परता. लागतोय असं वाटलं तर पाण्याचा हबका मारा. पाणी आटून कांदा पार मऊ झाला की मगच तेल आणि बर्बेरे. या मसाल्यात मिरचीबरोबर मेथीही असते, करपली तर सगळंच कडू, म्हणून इथेही थोडं पाणी लागतंच. मग टोमॅटो, मटण. तेस्मी हे मसालेदार तूप शेवटी घाला. कांदा विरघळून रस्सा आपोआप दाटतो, वाटणाची गरजच नाही.