कमी खर्चात जुन्या धाटणीचे फोटो

जुन्या धाटणीचा फोटो काढायचा असेल, तर तो कोणत्या काळातला वाटायला हवा हे सर्वांत आधी ठरवावे. जुना म्हणजे पिवळट, एवढीच कल्पना मनात धरून मोबाइलमधला तयार फिल्टर लावला, तर फोटो कुठल्याच काळातला वाटत नाही. १८९२ साली स्वामी विवेकानंद बेळगावला आले असताना एस. महादेव अँड सन या येथील स्टुडिओने काढलेले छायाचित्र, १९६० च्या दशकात घरच्या साध्या क्लिक थ्री कॅमेऱ्याने टिपलेले बारसे आणि १९८० च्या आसपासचा लग्नाच्या अल्बममधला रंगीत फोटो, या तिन्हींना जुनेपण वेगवेगळ्या कारणांनी आलेले असते. ती कारणे लक्षात घेतली, तर महागडा कॅमेरा नसतानाही ते रूप साधता येते.

सर्वांत जास्त कष्ट प्रकाशावर घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. विजेचे दिवे सर्रास होण्यापूर्वीचे स्टुडिओ उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीतून किंवा काचेच्या छतातून येणाऱ्या उजेडावर चालत. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या जुन्या कौलारू घरांच्या सोप्यात दारातून एकाच बाजूने येणारा मऊ उजेड जवळजवळ तसाच असतो. माणसाला दारापासून दोन-तीन हात आत, उजेडाला थोडे तिरके बसवावे आणि सावलीच्या बाजूला दोरीवर धुतलेले पांढरे धोतर टाकावे, म्हणजे काळोखातला गाल पूर्ण बुडत नाही. पाठीमागे घोंगडे किंवा एकरंगी चादर चार हात अंतरावर टांगावी, म्हणजे तिच्या सुरकुत्या स्पष्ट दिसणार नाहीत. आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा ढगाळ काळ तर यासाठी फारच चांगला, कारण त्या दिवसांत अंगणातही कडक सावली पडत नाही. मोबाइल छातीच्या उंचीवर धरावा आणि अगदी जवळ जाण्याऐवजी मागे सरकून दुप्पट झूम वापरावा. जवळून रुंद लेन्सने काढलेल्या चेहऱ्यात नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात, आणि जुन्या स्टुडिओतल्या फोटोंत असे सहसा आढळत नाही. बसलेल्या माणसाला हात मांडीवर टेकवून दहा अंक मोजेपर्यंत स्थिर राहायला सांगावे. त्या काळी फोटोला लागणारा वेळ मोठा असल्यामुळे चेहऱ्यावर जो गंभीर ठेहराव येत असे, तो असा आपोआप येतो.

कपडे विकत घेण्याची गरज नाही. आजीच्या पेटीतले इरकली लुगडे, शहापूर-वडगावच्या मागावरची साडी किंवा घडी मोडलेला पांढरा सदरा पुरेसा आहे. प्लॅस्टिकची खुर्ची, भिंतीवरचे स्विचबोर्ड आणि लोंबणाऱ्या वायरी मात्र चौकटीतून कटाक्षाने बाहेर ठेवाव्यात.

कृष्णधवल करताना एक गोष्ट समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत वापरात असलेल्या बहुतेक फोटोच्या काचा (फिल्मऐवजी कॅमेऱ्यात घालायच्या) आणि फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यामुळे कपाळावरचे कुंकू आणि साडीचा लाल काठ काळा येई, तर निळे आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे होई. आजचा मोबाइल केवळ रंग काढून टाकतो, म्हणून त्याचा कृष्णधवल फोटो नवाच वाटतो. स्नॅपसीडसारख्या मोफत ॲपमध्ये कृष्णधवल करताना निळा किंवा हिरवा रंगफिल्टर निवडला, की हा फरक लगेच दिसतो. येळ्ळूरच्या राजहंसगडाचा फोटो निळा फिल्टर लावून करून पाहावा. आकाश फिकट होते आणि तटबंदी गडद उठून दिसते. आपल्या सावळ्या त्वचेवर निळा फिल्टर फार जड पडतो, म्हणून माणसांच्या फोटोंना मी हिरवाच सुचवेन. त्यानंतर कर्व्हमध्ये (उजेड-काळोख कमी-जास्त करण्याच्या ॲपमधल्या रेषेत) काळा किंचित वर आणि पांढरा किंचित खाली आणावा, दाणा (फिल्मसारखा रवाळपणा, ग्रेन) अगदी थोडा घालावा आणि ओरखडे, डाग, जळलेल्या कडा यांच्या तयार नक्षी टाळाव्यात.

१९७०-८० च्या रंगीत प्रिंटचे प्रकरण निराळे आहे. त्यातल्या अनेकांमधला निळसर-हिरवा रंग अल्बमच्या अंधारातही विटत गेला आणि प्रिंट लालसर झाले. म्हणून येथे पिवळा न वाढवता कर्व्हमध्ये लाल थोडा उचलावा, सावल्यांत विशेष, आणि प्रिंट पांढरी कड ठेवून काढावा.

सीमाभागात जुन्या फोटोला कागदपत्राइतके मोल आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधीच्या पाट्या, शाळा आणि सभा यांचे फोटो येथे घराघरांत जपलेले आहेत. त्यामुळे आपल्या फोटोवर खोटी तारीख छापू नये आणि मागे पेन्सिलीने काढल्याचे खरे वर्ष लिहावे.

हाताने प्रिंट करण्याची हौस असेल, तर जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधलेली सायनोटाइप, म्हणजे उन्हात निळे प्रिंट काढण्याची पद्धत सर्वांत स्वस्त पडते. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम आणि पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम, प्रत्येकी १०० मिलिलिटर पाण्यात, वेगवेगळ्या गडद बाटल्यांत विरघळवावे. प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या दुकानात ही रसायने मागवता येतात. हातमोजे घालावेत, स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत आणि फेरिसायनाइड तीव्र आम्ल व उष्णता यांपासून दूर ठेवावे. रात्री मंद दिव्यात दोन्ही समप्रमाणात मिसळून जाड ड्रॉइंग पेपरवर ब्रशने पातळ लावावे आणि अंधारात वाळवावे. फोटो उलट्या रंगांत करून झेरॉक्सच्या दुकानातून पारदर्शक शीटवर छापून घ्यावा. छपाई फिकट आली, तर दोन शीट एकावर एक नीट जुळवाव्यात. कागदावर ही निगेटिव्ह, वर जुन्या फ्रेमची काच, असे स्वच्छ उन्हात ठेवावे. उघड्या कडेचा पिवळट-हिरवा रंग आधी निळा आणि मग राखाडी झाला, म्हणजे प्रिंट तयार झाला असे समजावे. आधी छोट्या तुकड्यांवर वेळ पाहून घ्यावी. मग पिवळेपणा पूर्ण निघेपर्यंत पाण्यात धुवावे. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर निळा रंग उडतो, म्हणून पहिल्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालावे. तपकिरी छटा हवी असल्यास धुण्याच्या सोड्याच्या अगदी सौम्य द्रावणात निळा फिका होईपर्यंत बुडवून, धुऊन, कोऱ्या कडक चहात ठेवावे. निळाच ठेवलेला प्रिंट भिंतीवरच्या उजेडाने फिकट पडू लागला, तर तो काही दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवावा. रंग बराचसा परत येतो.